सरकारी फाईल कोर्टात मागवण्याआधीची तयारी

दिवाणी दाव्यात सरकारी फाईल मागवायची, तर आधी नेमका कागद कोणता ते ठरवा. विभाग, फाईल क्रमांक, तारीख, जावक क्रमांक, सही कोणाची आणि दाव्यातल्या कोणत्या मुद्द्यासाठी तो हवा, एवढे हाताशी पाहिजे. ‘संबंधित सर्व कागदपत्रे’ असे मोघम मागितले की अर्ज तिथेच पडतो, गुप्ततेचा प्रश्न येतच नाही. क्रमांक माहीत नसेल तर माहिती अधिकारात विचारा. उत्तराची मुदत ३० दिवसांची असते, तेव्हा हे लवकर उरका.

सरकार पक्षकार असेल तर दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश ११, नियम १४ खाली अर्ज. नसेल तर आदेश १६, नियम ६ चे समन्स.

कागद गुप्त आहे अशी सरकारची हरकत येणार हे धरूनच चाला. ती भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या (आताचा पुरावा कायदा) कलम १२९ खाली येईल; राज्यकारभाराचे अप्रसिद्ध सरकारी कागद पुराव्यात देण्यावर बंधन घालणारे हे कलम. १ जुलै २०२४ आधीपासून चालू असलेल्या कामात जुन्या पुरावा कायद्याचे कलम १२३. शासकीय गुपिते अधिनियम, १९२३ चेही नाव निघेल. पण तो गुपित फोडणाऱ्याला शिक्षा करणारा कायदा. कोर्टापुढे कागद यावा की नाही, हे पुरावा कायद्यावर ठरते.

सगळ्यात जास्त वेळ हरकतीसाठी सरकारने दिलेल्या शपथपत्रावर घालवा. ते मंत्र्याचे किंवा विभागप्रमुखाचे आहे का? प्रत्येक कागद स्वतः वाचल्याचे त्यात म्हटले आहे का? उघड झाल्यास सार्वजनिक हिताचे काय बिघडेल, ते कागदागणिक सांगितले आहे का? नुसता ‘गोपनीय’ शिक्का पुरत नाही, आणि अख्ख्या फाईलवर एकच ठोकळ हरकत असेल तर ती बहुधा न वाचताच घेतलेली असते. उणिवा लेखी मांडा, सोबत उत्तर प्रदेश सरकार विरुद्ध राज नारायण प्रकरणातला सर्वोच्च न्यायालयाचा १९७५ चा निवाडा जोडा: कागद न्यायाधीशाने स्वतः पाहून हरकत तपासावी, अशी विनंती त्याच्या आधाराने करता येते. संवेदनशील भाग झाकून उरलेली प्रत द्यावी, ही पर्यायी मागणी अर्जातच घाला. मागाहून सुचली तर आणखी एक तारीख जाते.

साक्ष्य अधिनियमाचे कलम १६५ (जुन्या पुरावा कायद्याचे १६२) हमखास विसरले जाते. समन्स मिळालेल्या साक्षीदाराने हरकत असली तरी कागद कोर्टात आणायचाच असतो. हरकतीचा निर्णय कोर्ट करते. ‘फाईल कार्यालयातच आहे’ हे उत्तर चालवून घेऊ नका.

फुटलेली प्रत हाती आली असेल तर ती थेट दाव्याला जोडू नका. राफेल विमान खरेदी प्रकरणातल्या सर्वोच्च न्यायालयाच्या २०१९ च्या आदेशात आधीच प्रसिद्ध झालेल्या कागदांवरची हरकत फेटाळली गेली, हे खरे. पण गुप्त कागद बाळगणे १९२३ च्या कायद्याच्या कलम ५ खाली गुन्हा ठरू शकते. आधी वकिलाला दाखवा, आणि मूळ कागद रीतसर मागवा.