निवडणूक खर्चाची वही लिहिताना या चुका टाळा, नाहीतर निकालानंतर पळापळ

आधी सगळ्यांचं लक्ष तिकिटावर, मग प्रचारावर, आणि खर्चाची वही मात्र ऑफिसात बसवलेल्या एखाद्या पोराकडे, ज्याला कुणी वेळेवर बिलं आणून देत नाही. महाराष्ट्रात २०२२ पासून उमेदवाराला विधानसभेला ४० लाख आणि लोकसभेला ९५ लाखांची मर्यादा आहे, गोव्यात २८ आणि ७५. आकडा सगळ्यांना पाठ असतो, त्यात काय काय धरतात हे विचारलं की गडबड सुरू.

सगळ्यात महागात पडणारी चूक म्हणजे "ते पक्षाने केलंय, आपल्या खात्यात कशाला दाखवायचं". आता पक्षाच्या खर्चावर कायद्यात मर्यादाच नाही हे खरंय, म्हणून तर सगळे तिकडे ढकलायला बघतात. १९७४ ला सुप्रीम कोर्टाने कंवरलाल गुप्ता खटल्यात सांगितलं होतं की उमेदवाराच्या संमतीने पक्षाने केलेला खर्च उमेदवाराचाच, तर काही दिवसांतच वटहुकूम काढून तो निकाल बाजूला सारला गेला. पुढे २००३ च्या दुरुस्तीने ही पळवाट बरीच बुजवली. आता स्टार प्रचारकाचा प्रवास तेवढा पक्षाच्या नावावर जातो, तोही यादी अधिसूचनेपासून ७ दिवसांत दिली असेल तर (मान्यताप्राप्त पक्षाला ४० नावं). सभेचा मंडप, माईक, खुर्च्या यांचं काय? तुम्ही स्टेजवर बसलात किंवा बॅनरवर तुमचं नाव-फोटो आला की तो खर्च तुमचा. तीन मतदारसंघांचे उमेदवार एकाच स्टेजवर असतील तर तीन वाटे. आणि साहेबांबरोबर हेलिकॉप्टरमध्ये बसून फोटो टाकायची हौस असेल तर त्या प्रवासाचा अर्धा खर्च तुमच्या वहीत येतो, हे फोटो टाकायच्या आधी लक्षात घ्या.

दुसरं म्हणजे रात्री आठवून आठवून वही लिहिणं. तुमच्या सभेत कोपऱ्यात सरकारी कॅमेरावाला उभा असतो, बघितला असेलच. तो सुरुवातीला मोठ्याने बोलून रेकॉर्ड करतो, कुठला पक्ष, उमेदवार कोण, जागा, तारीख, मग फिरून स्टेज, खुर्च्या, बॅनर, कटआउट आणि गाड्यांच्या नंबरप्लेटी घेतो. ते व्हिडिओ दुसरं पथक बघतं आणि मोजून त्यांच्याकडच्या छाया नोंदवहीत चढवतं, दर लावतात जिल्ह्याच्या दरपत्रकाचा. म्हणजे मंडपवाला तुमच्या मित्राचा असेल, त्याने फुकट दिलं असेल, तरी तिकडे रक्कम लागतेच. प्रचारकाळात तीनदा वही तपासायला न्यावी लागते तेव्हा दोन्ही वह्या शेजारी ठेवतात, आणि तिथे "चारशे खुर्च्या होत्या" "नाही हो दोनशेच" असा वाद घालून उपयोग नसतो कारण समोर व्हिडिओ आहे. त्यामुळे सभा संपली की तिथल्या तिथे आपलाही व्हिडिओ काढा आणि मंडपवाल्याकडून पक्कं बिल घ्या.

तफावतीची नोटीस आली तर घाबरून गप्प बसू नका, उत्तराला ४८ तास असतात आणि उत्तर दिलं नाही तर त्यांचाच आकडा तुमच्या खर्चात जमा होतो. उत्तर लेखी द्या, बिल जोडा, पोच घ्या. तोंडी "साहेबांशी बोललोय" हे चालत नाही.

गाड्यांचं एक कुणी सांगत नाही. परवाना वीस गाड्यांचा घेतला आणि फिरल्या आठच, तरी बाकीच्या बारा परत केल्याचं आरओला (निवडणूक निर्णय अधिकाऱ्याला) कळवलं नसेल तर त्याही फिरल्या असंच धरतात. आणि हिशोब अर्ज भरल्याच्या दिवसापासून निकालाच्या दिवसापर्यंतचा, दोन्ही दिवस धरून, म्हणजे फॉर्म भरायला जाताना काढलेली ढोल-ताशांची मिरवणूकही आत. आधी छापून ठेवलेले झेंडे-उपरणी नंतर वापरली तर तीसुद्धा.

पैशाचं: अर्ज भरायच्या किमान एक दिवस आधी वेगळं बँक खातं उघडा आणि सगळं त्यातूनच. एकाच माणसाला रोख १०,००० पर्यंत, ते पण पूर्ण निवडणुकीत मिळून, त्यामुळे एकाच केटररची नऊ-नऊ हजारांची पाच व्हाउचरं करणं म्हणजे स्वतःच पुरावा लिहून देणं. पांढरी पानं रोजच्या खर्चाची, गुलाबी रोखीची, पिवळी बँकेची, तिन्ही एकमेकांशी जुळली पाहिजेत.

हरलेले तर निकालानंतर वही विसरूनच जातात. अर्ज मागे घेतला असेल तर सुटलात, पण लढलात आणि वीस मतं पडली तरी ३० दिवसांत जिल्हा निवडणूक अधिकाऱ्याकडे हिशोब द्यावाच लागतो, नाहीतर लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम १०अ खाली तीन वर्षं अपात्र. अपात्रांच्या याद्या काढून बघा, बहुतेक नावं अपक्ष आणि छोट्या पक्षांची. मोठ्यांचं वेगळं चालतं. २०१३ ला गोपीनाथ मुंडे जाहीरपणे बोलून गेले की लोकसभेला ८ कोटी लागले, त्या २००९ च्या निवडणुकीत मर्यादा होती २५ लाख, नोटीस निघाली पण अपात्रता नाही. अशोक चव्हाणांच्या पेड न्यूज (पैसे देऊन बातमीसारखा छापून आणलेला प्रचार) प्रकरणात २०१४ ला सुप्रीम कोर्टाने निवडणूक आयोगाला हिशोब खरा की खोटा हे तपासायचा अधिकार आहे असं म्हटलं, पण त्याच वर्षी चव्हाणांविरुद्धचा आयोगाचा आदेश दिल्ली हायकोर्टाने रद्द केला. उत्तर प्रदेशच्या आमदार उमलेश यादव २०११ ला खरंच अपात्र झाल्या, अशी उदाहरणं मोजकीच. माझ्या मते आपला कायदा वही न देणाऱ्याला पकडतो, खोटी वही नीट देणाऱ्याला क्वचितच.

विरोधी बाजूने तक्रार करणारेही चुकतात. व्हॉट्सअॅपवर आलेला व्हिडिओ सी-व्हिजिलवर (आयोगाचं तक्रारीचं अॅप) चढत नाही, जागेवरून अॅपमधूनच शूट करायचा असतो. आणि समोरच्याने मर्यादा ओलांडली म्हणून निवडून येणं रद्द करायचं असेल तर हायकोर्टात निवडणूक याचिका, निकालापासून ४५ दिवसांत. समोरच्याचा हिशोब १ रुपया फी भरून कुणालाही बघता येतो, प्रत पण मिळते, पण त्याने तो तिसाव्या दिवशी दिला तर वकील गाठायला तुमच्या हातात पंधराच दिवस उरतात, म्हणून आपले व्हिडिओ-बिलांचे पुरावे आधीच तारखेप्रमाणे लावून ठेवा.