कॅमेऱ्याचं सेटिंग रात्री उभं राहून करा

सीसीटीव्हीच्या फुटेजमध्ये माणूस दिसतो, पण चेहरा ओळखू येत नाही, ही तक्रार घेऊन सोसायट्या आमच्याकडे येतात. बहुतेकदा कॅमेरा बदलायची गरजच नसते. भर दुपारी बसवून, चित्र झकास दिसलं म्हणून तसाच सोडलेला असतो. सेटिंग अंधार पडल्यावर करायचं, मोबाइल हातात घेऊन गेटपाशी उभं राहून.

मेनूत शिरण्याआधी काच मऊ कापडानं पुसा आणि कोळ्याची जाळी काढा. कॅमेऱ्याच्या आयआर (डोळ्यांना न दिसणाऱ्या इन्फ्रारेड) दिव्यांच्या उजेडात जाळ्याचा एक धागा दोरखंडासारखा पांढराफेक दिसतो. छज्जा, पाइप किंवा जवळची भिंत फ्रेममध्ये येत असेल तर कॅमेरा थोडा वळवा. जवळच्या वस्तूवर आयआर आपटून परत येतो, कॅमेऱ्याला वाटतं भरपूर उजेड आहे, आणि मागचं अंगण काळं पडतं.

आता शटर. माझ्या मते निम्मा खेळ इथेच आहे. ऑटोवर ठेवलं की रात्री कॅमेरा शटर जास्त वेळ उघडं ठेवतो. चित्र उजळ दिसतं, म्हणून लोक खूश होतात, पण चालणारा माणूस फराटा होऊन जातो. ‘स्लो शटर’ बंद करा आणि शटर १/२५ सेकंदापेक्षा संथ होऊ देऊ नका. उजेड पुरत असेल तर १/५० ठेवा. चित्र थोडं काळपट झालं तरी चालेल. गेन (चित्र कृत्रिमपणे उजळवणारं सेटिंग) फार वाढवला तर चित्रात मुंग्यांसारखे ठिपके येतात, आणि ते घालवायला डीएनआर (ठिपके पुसणारं सेटिंग) चढवला की हलणाऱ्या माणसामागे सावली ओढल्यासारखी दिसते. दोन्ही मध्यम ठेवा. मेनूतली फ्रिक्वेन्सी आपल्या विजेइतकी, म्हणजे ५० हर्ट्झच हवी. ६० असेल तर ट्यूबलाइटखाली चित्रात पट्टे सरकतात.

मग कुणाला तरी नेहमीच्या चालीनं गेटमधून आत यायला सांगा. लाइव्ह बघू नका, रेकॉर्डिंग लावून पॉज करा. डोळे-नाक स्पष्ट दिसतंय का? नसेल तर शटर अजून एक पायरी वेगवान करा आणि पोर्चमध्ये एलईडी बल्ब रात्रभर चालू ठेवा. साधा बल्ब मेनूतल्या दहा पर्यायांपेक्षा जास्त काम करतो.

डब्ल्यूडीआर (ऊन आणि सावली एकाच चित्रात सांभाळणारं सेटिंग) दिवसासाठी. बाहेर ऊन आणि आत सावली असलेल्या दारात तो चेहरा वाचवतो. रात्री मात्र बंद किंवा अगदी कमी. कॅमेऱ्यात दिवस-रात्रीची वेगळी प्रोफाइल असेल तर जरूर वापरा. गाड्यांच्या हेडलाइटचा झगमगाट दाबायला एचएलसी हे सेटिंग आहे, पण नंबर प्लेट आयआर परतवते आणि पांढरी फटफटीत होते. तिच्यासाठी शटर १/२५० किंवा त्याहून वेगवान लागतं, मग बाकी सगळा अंधार. म्हणून प्लेटसाठी कॅमेरा वेगळाच ठेवा. एकाच कॅमेऱ्यात चेहरा आणि प्लेट दोन्ही मागू नका.

डे-नाइट ऑटोवर ठेवून बदलाचा वेळ काही सेकंद वाढवा, म्हणजे गाडी वळताना चित्र सारखं रंगीत-काळंपांढरं होणार नाही. सकाळी झाडं जांभळट-गुलाबी दिसली तर आयआर कट फिल्टर (दिवसा आयआर अडवणारी आतली काच) अडकलाय. तो रंगाच्या सेटिंगनं सुटत नाही, टेक्निशियनला बोलवा.

शेवटी घड्याळ बघा: टाइम झोन जीएमटी +५:३० आणि वेळ मोबाइलशी जुळलेली. वेळ चुकीची असेल तर पोलिसांना फुटेज देताना आधी त्या फरकाचाच खुलासा करत बसावं लागतं.