सूज परत परत येतेय? मग असं बघा

कुत्र्याच्या पंजाला सूज आली, गोळ्या दिल्या, उतरली, पंधरा दिवसांनी परत हजर. असं दोन-तीनदा झालं की समजायचं, आत काहीतरी अजून ठाण मांडून बसलंय.

आधी हात लावून बघा. ताजी सूज गरम, लालसर, दुखरी असते, जनावर हातच लावू देत नाही. जुनी बऱ्याचदा थंड आणि घट्ट लागते आणि जनावर फारसं कुरकुरत पण नाही, तिथंच आपण फसतो.

आत काय होतं तर इजा झाली की काही तासांत न्यूट्रोफिल नावाच्या पांढऱ्या पेशी धावत येतात, जंतू खातात आणि मरतात, पू म्हणजे बराचसा त्यांचाच खच. मग मॅक्रोफेज नावाच्या मोठ्या पांढऱ्या पेशी येऊन झाडलोट करतात आणि विषय संपतो. पण मूळ कारण हललंच नाही तर हे मॅक्रोफेज तिथंच मुक्काम ठोकतात, सोबत लिम्फोसाइट नावाच्या आणखी एका जातीच्या पांढऱ्या पेशी येतात, आणि जंतूंवर सोडलेल्या रसायनांनी शेजारचं चांगलं मांसही खराब होतं. एकीकडे मोडतोड, दुसरीकडे डागडुजी, दोन्ही एकदमच चालू! डागडुजीत कोलॅजन नावाचं धाग्यासारखं प्रथिन भरत जाऊन जागा कडक होते.

आता कारण शोधा. बोटांच्या बेचक्यात गवताचं कुसळ शिरलंय का बघा, त्याचे काटे उलटे असतात त्यामुळे ते पुढेच सरकतं, मागे येत नाही. कान सारखा पिकत असेल तर मागे अ‍ॅलर्जी असू शकते. गाईचं दूध दिसायला चांगलं असूनही कासेत सूज असू शकते, एका मिलीत 2 लाखांच्या वर पेशी निघाल्या की शंका घ्यायची, कासेची सूज ओळखायची सीएमटी (कॅलिफोर्निया मॅस्टायटिस टेस्ट) गोठ्यातच होते. टीबीचे जंतू तर मॅक्रोफेजच्या पोटात जाऊनही जिवंत राहतात, मग शरीर त्यांच्याभोवती पेशींची भिंत घालतं, तीच गाठ. आणि हो, लठ्ठपणाही यात येतो, चरबीच सूज वाढवणारी रसायनं सोडते.

घरातली पेनकिलर देऊ नका, मांजराला तर पॅरासिटामॉलने जीव जाऊ शकतो. स्टेरॉइडने सूज पटकन बसते खरी, पण आत इन्फेक्शन असेल तर जंतूंना रान मोकळं. त्यापेक्षा तारीख टाकून त्याच अँगलने फोटो काढत जा, आणि घट्ट गाठ असेल तर डॉक्टरांना सुईने पेशी काढून तपासायला सांगा, कारण कॅन्सरची गाठही हाताला अशीच लागते.