चित्र येतं, पण कॅमेरा वळत नाही: पीटीझेड कॅमेरा डीव्हीआर कार्डाला जोडताना या चुका टाळा

दिवाळीनंतर कापसाची आवक वाढली की हिंगणघाट, वणी, अकोट या पट्ट्यातल्या जिनिंगांमधून एकच तक्रार ऐकू येते: "भाऊ, चित्र तं दिसते, पण कॅमेरा फिरूनच नाही राह्यला." ही तक्रार हलक्यात घेण्यासारखी नाही. कापसाच्या गंजीतून धूर निघाला तर त्याच मिनिटाला कॅमेरा तिकडे वळवून झूम करता आला पाहिजे, पीटीझेड (पॅन-टिल्ट-झूम, म्हणजे लांबून वळवता आणि झूम करता येणारा कॅमेरा) घ्यायचा तो त्यासाठीच. आणि बहुतेक वेळा कॅमेरा मुळात बिघडलेलाच नसतो. तो खांबावरून उतरवून दुरुस्तीला पाठवण्याआधी पुढच्या गोष्टी तपासा.

सगळ्यात मोठी चूक समजुतीची आहे. ॲनालॉग पीटीझेडला तीन वेगळ्या वाटा लागतात: चित्राची कोॲक्स केबल, विजेची जोडी आणि हुकुमाची दोन तारांची जोडी, म्हणजे आरएस-४८५. चित्र येतं म्हणून "वायरिंग ठीक आहे" असं ठरवू नका. त्यावरून कोॲक्स ठीक आहे एवढंच कळतं.

वीज दिल्याबरोबर कॅमेरा स्वतःहून एकदा डावी-उजवीकडे आणि वर-खाली फिरतो का, ते आधी पाहा. फिरला तर मोटर शाबूत आहे, दोष हुकुमाच्या वाटेवर शोधायचा. त्याच वेळी बऱ्याच कॅमेऱ्यांच्या चित्रावर प्रोटोकॉल (हुकुमाची भाषा), पत्ता (कॅमेऱ्याचा नंबर) आणि बॉड रेट (हुकूम पाठवण्याचा वेग) काही सेकंद दिसतात. मोबाइलवर लगेच फोटो काढून ठेवा, पुन्हा खांबावर चढावं लागणार नाही.

हुकुमाची वाट

डीव्हीआर कार्ड म्हणजे कॅमेऱ्याचं चित्र घेणारं, संगणकाच्या स्लॉटमध्ये बसणारं कार्ड. त्याच्यावर बीएनसी (कोॲक्स जोडायची गोल टोकं) असतात म्हणून ४८५ चे टर्मिनल असतीलच असं नाही. नसतील तर संगणकाच्या कॉम पोर्टला किंवा यूएसबीला ४८५ कन्व्हर्टर लावावा लागतो. कॉम पोर्टच्या आरएस-२३२ पिनांवरून थेट कॅमेऱ्याला तारा नेणारे अजूनही भेटतात. ते चालणार नाही, दोघांची विजेची भाषाच वेगळी. यूएसबी कन्व्हर्टर दुसऱ्या खाचेत लावला की विंडोज त्याला नवा कॉम नंबर देऊ शकतं, आणि सॉफ्टवेअर जुन्याच नंबरवर हुकूम पाठवत बसतं. डिव्हाइस मॅनेजरमध्ये नंबर पाहा आणि पीटीझेड सेटिंगमध्ये तोच टाका.

ए आणि बी उलटे जोडले गेले तर कॅमेरा ढिम्म राहतो. सगळे उत्पादक ए-बीच्या खुणा एकसारख्या करत नाहीत, म्हणून खुणेवर भरवसा ठेवण्यापेक्षा तारा एकदा अदलाबदल करून पाहा, त्याने काही जळत नाही. फक्त विजेची तार चुकून डेटाच्या, म्हणजे हुकुमाच्या, टर्मिनलमध्ये जाऊ देऊ नका. आरएस-४८५ ला उणे ७ ते अधिक १२ व्होल्ट एवढंच सोसतं, २४ व्होल्ट लागले की चिप गेलीच.

आपल्याकडे सर्रास थ्री-प्लस-वन केबल (एक कोॲक्स आणि तीन बारीक तारा एकत्र) ओढतात आणि तिच्या बारीक तारांतूनच डेटाही नेतात. ऑफिसच्या भिंतीपलीकडे जायचं असेल तर ते चालून जातं. २००-३०० मीटरवरच्या गेटपर्यंत जायचं असेल तर पीळ असलेली जोडी हवी. कॅट-५ (नेटवर्कची, चार पिळदार जोड्यांची केबल) वापरत असाल तर निळी आणि पांढरी-निळी अशी एकाच जोडीतली दोन टोकं घ्या. निळी एका जोडीतली आणि नारिंगी दुसरीतली घेतली तर पीळ असूनही त्याचा उपयोग शून्य.

आणखी एक चूक वायरिंगच्या आखणीची. ऑफिसातून तीन दिशांना तीन फाटे काढून प्रत्येकावर एक कॅमेरा टांगतात. ४८५ ला असे फाटे मानवत नाहीत. एका कॅमेऱ्यातून पुढच्या कॅमेऱ्यात अशी एकच माळ ठेवा आणि तिच्या दोन्ही टोकांना १२० ओमचा रेझिस्टर लावा. फाटे टाळता येत नसतील तर ४८५ चा हब लावा. किती रेझिस्टर लागले आहेत ते मीटरने कळतं: सगळी वीज बंद करून कन्व्हर्टरच्या टोकाला ए-बीमध्ये मोजा. ६० ओमच्या आसपास आले तर दोन आहेत, ठीक. ४० आले तर तिसरा कुठे तरी चालू राहिला आहे. शिस्तीने ओढलेली माळ १२०० मीटरपर्यंत जाते.

पत्ता, प्रोटोकॉल, वेग

या तीनपैकी एक जरी चुकला तरी कॅमेरा गप्प. पेल्को-डी आणि पेल्को-पी हे नेहमीचे दोन प्रोटोकॉल. पेल्को-डीला साधारणपणे २४०० आणि पेल्को-पीला ४८०० बॉड असतो, पण कॅमेऱ्याने चित्रावर दाखवलेलाच खरा धरा. पत्ता ठरवणाऱ्या कॅमेऱ्यातल्या छोट्या डिप स्विचचे आकडे १, २, ४, ८, १६ असे वाढतात. ५ नंबर हवा असेल तर पहिला आणि तिसरा चालू. पाचवा स्विच वर केला तर पत्ता १६ होतो, आणि ही चूक फार दिसते. स्विच बदलल्यावर वीज बंद-चालू करा. दोन कॅमेऱ्यांना एकच पत्ता दिला तर दोघेही एकदम वळतात. पेल्को-पीमध्ये १ नंबरच्या कॅमेऱ्याचा पत्ता तारेवर ० म्हणून जातो. काही सॉफ्टवेअर ही वजाबाकी करतं, काही करत नाही. तेव्हा एक आकडा पुढे-मागे करून बघा.

कधी वळतो, कधी नाही. किंवा वळायला लागला की थांबतच नाही, अशी तऱ्हा असेल तर सेटिंग बरोबर आहे आणि तार गोंधळ करते आहे. पेल्को-डीचा प्रत्येक हुकूम ७ बाइटचा असतो, शेवटचा बाइट बेरीज तपासण्यासाठी. वाटेत एक बाइट बिघडला की कॅमेरा तो हुकूम मुकाट्याने टाकून देतो. "थांब" हाही एक हुकूमच आहे, तो हरवला की कॅमेरा फिरतच राहतो.

रात्री आपोआप फिरणारा कॅमेरा

दिवसा ठीक, अंधार पडला की कॅमेरा थांबून थांबून स्वतःभोवती फिरतो. लोक सॉफ्टवेअर बदलतात, पण बिघाड विजेचा असतो. इन्फ्रारेड दिवे लागले की प्रवाह वाढतो, व्होल्टेज बसतं, कॅमेरा पुन्हा सुरू होतो आणि पुन्हा चाचणीची फेरी मारतो. हिशेब करा: कॅट-५ च्या तांब्याच्या एका तारेचा रोध १०० मीटरला सुमारे साडेआठ ओम, जाऊन-येऊन १७. अर्धा अँपिअर ओढला तरी १२ व्होल्टमधले साडेआठ तारेतच जातात. तांब्याचा मुलामा दिलेल्या ॲल्युमिनियमच्या स्वस्त केबलमध्ये तर याहून जास्त. मोजायचं असेल तर रात्री, दिवे चालू असताना, कॅमेऱ्याच्या टोकाला मोजा. ॲडॉप्टरजवळ १२ दाखवून काही सिद्ध होत नाही.

२४ व्होल्ट एसीच्या कॅमेऱ्याला लांबचं अंतर जास्त मानवतं, कारण तेवढ्याच वॅटला प्रवाह निम्मा लागतो. पण साधा ट्रान्सफॉर्मर गावातल्या व्होल्टेजच्या मागे जातो. वावरातले पंप चालू झाले आणि २३० चे १७० झाले की २४ चे पावणेअठरा होतात. तिथे स्टॅबिलायझर हवाच. खांबापर्यंत २३० व्होल्ट नेत असाल तर त्याचा पाइप डेटाच्या पाइपपासून वेगळा ठेवा.

चित्राबद्दल थोडक्यात. जुनी कार्डं फक्त साधा ॲनालॉग सिग्नल घेतात. एएचडी किंवा टीव्हीआय (एचडी चित्राचे नवे प्रकार) कॅमेरा लावला तर चित्रच येत नाही. कॅमेऱ्यात सीव्हीबीएसचा, म्हणजे साध्या ॲनालॉगचा, पर्याय असेल तर तो निवडा. सॉफ्टवेअरमध्ये पाल (PAL, आपल्याकडची चित्राची पद्धत) ठेवा, एनटीएससी नको. चित्रात आडवे पट्टे हळूहळू सरकत असतील तर दोन टोकांच्या अर्थिंगमध्ये फरक आहे: कॅमेऱ्याचं धातूचं अंग लोखंडी खांबापासून विलग करा किंवा ग्राउंड लूप आयसोलेटर लावा.

पहिल्या पावसाआधी कोॲक्स आणि डेटा दोन्हींवर सर्ज प्रोटेक्टर (विजेचा झटका अडवणारा) बसवा, आणि संगणकाकडे ऑप्टो-आयसोलेटेड (दोन बाजूंमध्ये विजेचा थेट जोड नसलेला) कन्व्हर्टर वापरा. विजेचा तडाखा तारेतून आला तर तो कन्व्हर्टरवर थांबण्याची आशा तरी असते. काळ्या मातीला उन्हाळ्यात भेगा पडतात, अर्थिंगचा खड्डा कोरडा होतो, त्याला पाणी घालत राहा. हीच माती पावसात फुगते आणि खांब कलतो. पाया मुरमापर्यंत नेलेला नसेल तर पावसाळ्यानंतर प्रीसेट (कॅमेऱ्यात आधी साठवलेल्या दिशा) सरकलेले दिसतील. ते पुन्हा बसवा.

एवढं करूनही कॅमेरा वळला नाही तर तो खाली उतरवा, टेबलावर ठेवा, हातभर तारेने कन्व्हर्टरला जोडा आणि फक्त पेल्को-डी, २४०० आणि पत्ता १ वर चालवून पाहा. तिथे वळला तर दोष खांबाच्या वाटेवर आहे. तिथेही वळला नाही तर आधी दुसरा कन्व्हर्टर लावून बघा. त्यानेही फरक पडला नाही तर कॅमेऱ्याच्या बोर्डावरची आठ पायांची ४८५ चिप गेली असण्याची शक्यता मोठी. ती स्वस्त असते, चांगल्या कारागिराकडून बदलून मिळते, आणि तेवढ्यासाठी नवा कॅमेरा घ्यायची गरज नाही.