मियू मिनी प्लस घेतलंत? आधी कार्ड बदला

मी माझं मियू मिनी प्लस, म्हणजे जुने व्हिडिओ गेम खेळायचं हातातलं छोटं यंत्र, एका मित्राकडून जुनं घेतलं. आतलं बिननावाचं मेमरी कार्ड तसंच ठेवलं आणि तीन आठवड्यांत ते गेलं. सेव्ह केलेलं सगळं त्याबरोबर गेलं. तेव्हा खेळायची कितीही घाई असली तरी आधी चांगल्या कंपनीचं ६४ जीबीचं कार्ड आणा.

कार्ड फॅट३२ (कार्डावर फायली मांडायची एक पद्धत) मध्ये फॉरमॅट करायचं. विंडोजच्या नेहमीच्या खिडकीत ३२ जीबीच्या वर हा पर्याय दिसत नसेल तर रूफस हे फॉरमॅट करणारं सॉफ्टवेअर वापरा. मग ओनियन ओएसची (या यंत्रासाठी चाहत्यांनी बनवलेली सिस्टीम) झिप उघडून आतलं सगळं थेट कार्डावर टाका, वेगळ्या फोल्डरमध्ये नको. त्यात टिंबाने सुरू होणारा एक लपलेला फोल्डर असतो, मॅकवाल्यांचा तोच हमखास राहून जातो. कार्ड घालून चालू केलं की पुढचं ते आपोआप करतं.

गेम 'रोम्स'मध्ये, ज्याच्या त्याच्या फोल्डरात. एफसी म्हणजे निन्टेंडोचा जुना ८ बिटवाला. आपण टीव्हीला जोडून, कॅसेटवर फुंकर मारून खेळायचो ते त्याचेच नकली भाऊ. प्लेस्टेशनचे गेम पीएसमध्ये, आणि त्याची बायॉस फाइल (मूळ यंत्र सुरू करणारा प्रोग्राम) 'बायॉस'मध्ये. स्वतःच्या सीडीवरून काढलेल्या बिन आणि क्यू फायली सीएचडीमॅन या प्रोग्रामने सीएचडी, म्हणजे एकच दाबून लहान केलेली फाइल, करून घ्या: जागा वाचते, गेममधलं काही कमी होत नाही. दोन-तीन सीडींचा गेम असेल तर एका साध्या टेक्स्ट फायलीत प्रत्येक सीडीच्या फायलीचं नाव वेगळ्या ओळीवर लिहा आणि ती नावाच्या शेवटी .m3u लावून सेव्ह करा.

आता पडदा. इथेच बहुतेक जण 'प्रोसेसर कमी पडतो' म्हणून बोंब मारतात, आणि दोष असतो स्केलिंगचा, म्हणजे चित्र पडद्याएवढं ताणण्याचा. पडदा ६४० बाय ४८०, निन्टेंडोच्या गेम बॉय ॲडव्हान्स या हातातल्या यंत्राचं चित्र २४० बाय १६०. रुंदी भरायला ते २.६७ पट ताणलं की काही ठिपके जाड, काही बारीक होतात, आणि मारिओ धावताना मागचं चित्र लकलकतं. गेम चालू असताना मेनू आणि सिलेक्ट एकत्र दाबा, रेट्रोआर्च (गेम चालवणारं सॉफ्टवेअर) उघडेल. व्हिडिओच्या सेटिंगमध्ये इंटिजर स्केल (चित्र फक्त पूर्ण पटीत मोठं करणं) चालू करा. चित्र नेमकं दुप्पट, ४८० बाय ३२०, चारही बाजूंना काळी पट्टी. दोन दिवस खटकते, मग दिसेनाशी होते. ८ बिटवाल्याचं २५६ बाय २४० दुप्पट केलं की उंची बरोबर भरते, तिथे तर प्रश्नच नाही. बदल कोअर ओव्हरराइड म्हणून, म्हणजे फक्त त्याच यंत्राच्या गेमपुरता, सेव्ह करा, नाहीतर एका यंत्राची सेटिंग दुसऱ्याच्या गळ्यात पडते.

बटण दाबल्यावर उडी उशिरा येतेय असं वाटलं तर रेट्रोआर्चच्या लेटन्सीमध्ये रन-अहेड (गेम थोडा पुढे मोजून उशीर कमी करणारी सोय) एक फ्रेमवर ठेवा. आवाज तुटायला लागला की बंद करा, कान सांगतील.

मी तपासायला नेहमी कॉन्ट्राच लावतो. धबधब्याच्या लेव्हलमध्ये उडी चुकली आणि दोष बटणाला देता आला नाही, की सेटिंग जमली. वर वर, खाली खाली, डावं उजवं, डावं उजवं, बी, ए, स्टार्ट: ३० लाइफ अजूनही मिळतात.