गांजा आणि हेंप उद्योगाच्या परदेशी प्रदर्शनांचा दौरा कसा आखावा

हेंप म्हणजे गांजाच्याच जातीचं, पण नशेचा अंश नगण्य असलेलं झाड. त्याच्या बियांचं तेल काढणारे, त्याच्या धाग्याचं कापड विणणारे, ग्रो-लाइट (घरात रोपं वाढवायचे दिवे) किंवा पॅकिंगची यंत्रं बनवणारे असे अनेक जण आता या उद्योगाची परदेशी प्रदर्शनं बघायला निघतात. जरूर जावं. मात्र हा दौरा यंत्रांच्या किंवा कापडाच्या प्रदर्शनासारखा आखून चालत नाही. एका देशात दुकानात उघड मिळणारी वस्तू पुढच्या विमानतळावर थेट कोठडी दाखवते. म्हणून आधी कायदा बघा, मग तारखा आणि सगळ्यात शेवटी तिकीट.

१. आपलं काम कोणत्या प्रदर्शनात आहे ते ठरवा

लास वेगासला वर्षअखेरीस भरणारं एमजेबिझकॉन निव्वळ धंद्याचं आहे. बर्लिनची इंटरनॅशनल कॅनॅबिस बिझनेस कॉन्फरन्सही तशीच. तिथे गुंतवणूकदार, औषध कंपन्या आणि वकील भेटतात. बर्लिनमध्येच जूनच्या सुमारास होणारं मेरी जेन मात्र ग्राहकांची मोठी जत्रा असते. प्रागच्या कॅनाफेस्टमध्ये नोव्हेंबरात दोन्ही प्रकारची गर्दी दिसते.

बी, तेल आणि धागा यांत काम करणाऱ्यांनी पहिला दौरा युरोपियन इंडस्ट्रियल हेंप असोसिएशनच्या वार्षिक परिषदेचा करावा, असं माझं ठाम मत आहे. कारण आपल्याकडे धंद्याला खरा वाव तिथल्याच विषयांत आहे. १९८५च्या एनडीपीएस या अमली पदार्थांविरोधी कायद्याने फुलोरा म्हणजे गांजा आणि राळ म्हणजे चरस यांवर बंदी आहे. पण हेंपचं बी, त्याचं तेल आणि पीठ यांना एफएसएसएआय या देशाच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाने २०२१मध्ये खाद्यपदार्थ म्हणून मान्यता दिली. धाग्या-बियांसाठीच्या लागवडीला परवानगी देण्याचा अधिकार सरकारला आहे आणि उत्तराखंडाने तसे परवाने दिलेही आहेत.

तारखा आयोजकांच्या संकेतस्थळावरूनच घ्या. बार्सिलोनाजवळ वर्षानुवर्षे भरणाऱ्या स्पॅनाबिसने २०२५नंतर शहर बदलून बिल्बाओ गाठलं. जुन्या माहितीवर हॉटेल बुक करणारा फसतो.

२. प्रत्येक देशाचा कायदा ताजा वाचून घ्या

थायलंडने २०२२मध्ये गांजा अमली पदार्थांच्या यादीतून काढला आणि २०२५मध्ये फुलोऱ्यासाठी डॉक्टरची चिठ्ठी सक्तीची केली. जर्मनीत १ एप्रिल २०२४पासून प्रौढांना २५ ग्रॅम जवळ बाळगता येतो, पण मौजेसाठीची दुकानातली विक्री खुली झालेली नाही आणि सदस्यांपुरता गांजा पिकवणाऱ्या क्लबचं सदस्यत्व किमान सहा महिने तिथे राहणाऱ्यालाच मिळतं. लास वेगास ज्या अमेरिकी राज्यात आहे त्या नेवाडात २१ वर्षांवरच्यांना मुभा असली तरी सार्वजनिक जागी ओढणं गुन्हाच आहे.

३. व्हिसा

इथे वेळ जातो, तेव्हा प्रदर्शनाच्या तारखेपासून उलटं मोजत या. जर्मनी, चेकिया, स्पेन अशा युरोपातल्या बहुतेक देशांना मिळून एकच चालणाऱ्या शेंगेन व्हिसासाठी प्रवासाच्या सहा महिने आधीपासून अर्ज करता येतो. ज्या देशात जास्त दिवस राहणार त्या देशाकडे अर्ज करायचा, दिवस सारखेच असतील तर जिथे आधी उतरणार तिथे. किमान ३०,००० युरोंचा प्रवास विमा लागतो. कोणत्याही १८० दिवसांत ९० दिवसांची मर्यादा आहे, म्हणून उन्हाळ्यातलं बर्लिन आणि नोव्हेंबरातलं प्राग दोन्ही करायचं असेल तर अनेक प्रवेशांचा व्हिसा मागा आणि दोन्हीकडची निमंत्रणं जोडा.

अमेरिकेचं प्रकरण नाजूक आहे. नेवाडा राज्याने परवानगी दिली तरी प्रवेशाचा निर्णय संघराज्याच्या कायद्याने होतो. गांजा उद्योगाच्या कामासाठी येणाऱ्या परदेशी माणसाला सीमेवरून परत पाठवता येतं, हे तिथल्या सीमा खात्याने २०१८मध्ये कॅनडाच्या लोकांबाबत स्पष्ट केलं होतं. पूर्वी सेवन केल्याची कबुलीही प्रवेशाच्या आड येऊ शकते. खोटं मात्र कधीच बोलू नका, ते त्याहून महागात पडतं. अर्जाआधी इमिग्रेशन वकिलाचा सल्ला घ्या आणि आपण नेमकं काय विकतो हे दोन वाक्यांत सांगता येईल अशी तयारी ठेवा.

४. विमानाचा मार्ग आणि सामान

स्वस्त तिकिटाच्या नादात मधला थांबा दुर्लक्षित राहतो. दुबई किंवा सिंगापूरला नुसतं विमान बदलतानाही तिथलेच कडक कायदे लागू होतात. सॅम्पल बरोबर नेऊ नका. कॅटलॉग, फोटो आणि प्रयोगशाळेचे अहवाल पुरतात. यंत्र दाखवायचं असेल तर फिक्की या उद्योग संघटनेकडून एटीए कार्ने हा तात्पुरत्या आयातीचा दस्तऐवज काढा, म्हणजे जकात भरावी लागत नाही. खाऊन किंवा वापरून संपणाऱ्या मालाला ते चालत नाही.

५. परतीच्या आदल्या रात्री

प्रत्येक स्टॉलवर हातात कापडी पिशवी देतात. तिच्यात माहितीपत्रकांच्या मधोमध गमीची (गांजा घातलेल्या चघळायच्या गोळ्यांची) पाकिटं, मलमाची इवलीशी डबी, लाइटर, चुरा करायचा ग्राइंडर असं काहीही असतं. हॉटेलच्या पलंगावर प्रत्येक पिशवी उलटी करून झटका. कार्डं आणि कागद ठेवा, बाकी तिथेच टाका. जॅकेटचे खिसे आणि बॅगेचे बाहेरचे कप्पे चाचपायला विसरू नका. कुणी प्रेमाने दिलेलं बियांचं पाकीटसुद्धा आणू नका, पेरणीच्या बियाण्याला वनस्पती संगरोध खात्याचा आयात परवाना लागतो.

६. घरी आल्यावर

कार्डांमागे त्याच संध्याकाळी लिहिलेली टिपणं इथे कामाला येतात: कोणाला किती माल हवा, कुठला अहवाल पाठवायचा. आठवडाभरात ईमेल करा. युरोपच्या खरेदीदाराचा पहिला प्रश्न बहुधा टीएचसी या नशा आणणाऱ्या घटकाच्या प्रमाणाचा असतो, तेव्हा मान्यताप्राप्त प्रयोगशाळेचा अहवाल पहिल्याच ईमेलला जोडा.