‘कोनो ओतो तोमारे!’ ही मालिका कशी पाहावी

आमच्या अंबाजोगाईकडे ॲनिमे, म्हणजे जपानी ॲनिमेशन मालिका, म्हटले की घरातील मोठी माणसे ‘कार्टून’ म्हणून मान फिरवतात. मात्र ज्या घरात पेटी किंवा पखवाज आहे, तिथे ‘कोनो ओतो तोमारे!’ ही जपानी मालिका सहज रुजते, असा माझा अनुभव आहे. अम्यू यांच्या मांगावर, म्हणजे जपानी चित्रकथेवर, आधारलेल्या या मालिकेचे एकूण २६ भाग आहेत. पहिले १३ एप्रिल २०१९ पासून आणि पुढचे १३ ऑक्टोबर २०१९ पासून प्रसारित झाले. कथा सलग असल्याने क्रम मोडू नये.

तोकिसे हायस्कूलच्या कोतो या जपानी तंतुवाद्याच्या क्लबात वरच्या वर्गातील मुले शाळा संपवून गेल्यावर ताकेझो एकटाच उरतो, आणि ज्याच्या नुसत्या नावाने शाळा बिचकते असा चिका नेमका तिथेच नाव घालायला येतो. हा क्लब चिकाच्या कोतो बनवणाऱ्या आजोबांनी सुरू केलेला असतो. याहून अधिक कथा आधी वाचू नये.

त्यापेक्षा दहा मिनिटे वाद्य समजून घेण्यात घालवावीत. कोतो हे पॉलोनियाच्या लाकडाचे, सुमारे सहा फूट लांबीचे, १३ तारांचे वाद्य असून त्याच्या प्रत्येक तारेखाली स्वतंत्र, सरकवता येणारी घोडी असते आणि ती सरकवूनच सूर लावला जातो. उजव्या हाताचा अंगठा, तर्जनी व मध्यमा यांवर नख्या चढवून तार छेडतात. डावा हात घोडीपलीकडे तार दाबून सूर चढवतो. आपला सतारिया मींडेसाठी, म्हणजे एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाण्यासाठी, तार बाजूला ओढतो, इथे ती खाली दाबली जाते, एवढा फरक लक्षात ठेवला तरी पडद्यावरचे डावे हात बोलू लागतात.

कोतोच्या ‘हिराजोशी’ या प्रचलित स्वरजुळणीत सा, कोमल रे, शुद्ध मध्यम, पंचम आणि कोमल धैवत असे पाच स्वर धरता येतात. माझ्या भाचीने ते पेटीवर वाजवले, तेव्हा आतल्या खोलीतून वडिलांनी विचारले, “गुणकली का गं?” आपल्या गुणकली रागाचे स्वर हेच. त्या दिवसापासून तेही मालिका पाहायला बसू लागले.

आवाज मूळ जपानीच ठेवावा आणि सबटायटल वाचावीत. घरात वाचता न येणारे कोणी असल्यास संवाद थांबवून सांगावेत, पण वादन सुरू झाल्यावर थांबवू नये. फोनच्या स्पीकरवर खर्जाच्या तारा जवळपास हरवतात. भाचीच्या साध्या इअरफोनमध्ये मात्र नखी तारेला लागतानाची बारीक टिचकीसुद्धा मला ऐकू आली.

सुरुवातीच्या भागांतील आरडाओरडा आणि हाणामारी मलाही जरा जास्तच वाटली, शिवाय वादनाच्या वेळी चित्रांची हालचाल बेताचीच आहे. तरी संपूर्ण शाळेसमोर होणाऱ्या पहिल्या वादनापर्यंत धीर धरावा आणि ते वादन दोनदा अनुभवावे: एकदा डोळे उघडे ठेवून, एकदा फोन पालथा घालून. रोज दोन भाग पाहिल्यास १३ दिवसांत मालिका पूर्ण होते. शेवटाकडे येणाऱ्या ‘तेन्क्यू’ या रचनेच्या दिवशी मात्र लाईट जायच्या आत फोन पूर्ण चार्ज करून ठेवावा.